पुराचा हिशेब मांडणारा माणूस

पुण्याहून सिंहगडाकडे जाताना वाटेत खडकवासल्याचा जलाशय लागतो. सहलीला निघालेले आपण विद्यार्थी तेथे घटकाभर थांबतो, पाण्यावरचा वारा खातो, कणीस खातो आणि पुढे निघतो. हे पाणी अडवण्याच्या आणि सोडण्याच्या विचारात एका माणसाच्या बुद्धीचा कस लागला होता, हे आपल्या ध्यानीमनीही नसते. तो माणूस म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. १५ सप्टेंबर १८६१ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते आणि आज हाच दिवस देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो. वडील संस्कृतचे विद्वान, पण घरची स्थिती बेताची. त्यातच वडिलांचे छत्र लवकर हरपले. मुलांच्या शिकवण्या करून विश्वेश्वरय्यांनी बंगलोरला आपले शिक्षण चालवले आणि १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. म्हणजे आपल्यासारखेच ते आधी पदवीधर झाले आणि मग अभियांत्रिकीकडे वळले! म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. १८८३ च्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून रुजू झाले.

नोकरीची सुरुवात नाशिक आणि खानदेशात झाली. धुळ्याजवळ पांझरेच्या खोऱ्यात नळ टाकून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. ऐन पावसाळा, नाल्याला वरचेवर लोंढे येत. काम पावसानंतर करावे, असे या तरुण अधिकाऱ्याने वर कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा वाद न घालता त्यांनी पावसातच ते काम तडीस नेले. पाणी माणसाच्या सोयीने येत नाही, हा धडा त्यांना अगदी पहिल्याच मुक्कामी मिळाला.

पुढे पुण्यात असताना त्यांच्यासमोर खडकवासल्याचा प्रश्न आला. मुठा नदीवरचे हे दगडी धरण त्या काळी लेक फाइफ या नावाने ओळखले जाई. पुणे शहर, लष्कर आणि कालव्याखालची शेती यांना येथूनच पाणी मिळे. उन्हाळ्यात पाणी कमी पडे, आणि पावसाळ्यात मात्र सांडव्यावरून सहा ते आठ फूट उंचीचा लोंढा वाहून जाई. मग सांडवाच उंच का करू नये? तसे केले असते तर पुराच्या वेळी पाणी आणखी वर चढले असते आणि सगळ्या धरणालाच धोका पोहोचला असता.

धरणाच्या कारभारातला खरा पेच हाच आहे. जलाशय भरलेला ठेवावा तर पुराला जागा उरत नाही, रिकामा ठेवावा तर उन्हाळ्यात घशाला कोरड पडते. विश्वेश्वरय्यांनी विचार केला तो असा. पुराच्या वेळी आठ फूट जास्त पाणी ही भिंत दरवर्षी पेलतेच आहे. तर मग तेवढेच पाणी एरवी साठवायला हरकत काय? अट एकच होती, पूर आला की त्याला तत्काळ वाट मोकळी झाली पाहिजे. हे काम माणसावर सोपवणे धोक्याचे. मध्यरात्री, धो धो पावसात पहारेकऱ्याचा डोळा लागला तर? निरोप वेळेवर पोहोचला नाही तर? म्हणून त्यांनी अशी दारे योजली की जी पाण्याच्याच जोरावर आणि वजनांच्या तोलावर चालतील. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दारे आपोआप उघडायची, आणि पूर ओसरला की आपोआप मिटायची. १९०३ च्या सुमारास ही स्वयंचलित दारे खडकवासल्याला बसली. धरणाची भिंत न वाढवता पाण्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावे झाले, पण सरकारी नोकरीत असताना लावलेल्या शोधावर मानधन घेणे त्यांना पटले नाही. पुढे ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही अशी दारे बसवण्यात आली.

१९०८ मध्ये ते मुंबई सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला हैदराबादवर घाला पडला. मुसी नदीने शहर धुऊन नेले. हजारो माणसे दगावली, हजारो घरे जमीनदोस्त झाली. अफझलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून कित्येकांनी जीव वाचवला. ते झाड पुढे या पुराची जिवंत आठवण होऊन राहिले. निजामाच्या सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले आणि १९०९ मध्ये ते हैदराबादेत दाखल झाले.

लोक या पुराला दैवी कोप म्हणत होते. विश्वेश्वरय्यांनी मात्र पावसाचे आकडे मागवले, नदीचे पात्र मोजले, पाणलोट क्षेत्र तपासले. शहराच्या वरच्या अंगाला लहानमोठे ७८८ तलाव असल्याचे त्यांना आढळले. त्यांपैकी २२१ तलाव त्या अतिवृष्टीत फुटले होते. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे आणि तोही फुटे. पावसाच्या पुरात फुटलेल्या तलावांचे पाणी मिसळले आणि शहरावर लोटले. आभाळ फाटले होते हे खरेच, पण जमिनीवरचे बांधही कच्चे निघाले होते.

त्यांचा उपाय होता तो असा. शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसा यांवर दोन मोठे जलाशय बांधावेत. मोठा पूर आला तर त्याचे पाणी तेथे अडवून धरावे, आणि शहरातले पात्र जेवढे सुखरूप वाहून नेईल तेवढेच खाली सोडावे. या सूचनेतूनच पुढे मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसेवर हिमायतसागर १९२७ मध्ये उभा राहिला. याच जलाशयांनी पुढे शहराची तहानही भागवली. एकाच भांड्यात प्यायचे पाणी भरून ठेवायचे आणि पुरासाठी जागाही राखायची, हा खडकवासल्याचा पेच तेथेही आलाच. पण त्याचे उत्तर आता नशिबावर सोपवलेले नव्हते, ते पाण्याच्या पातळीवर नजर ठेवणाऱ्यांच्या हाती होते.

१९०९ च्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरच्या कृष्णराजसागराचे काम त्यांच्याच आग्रहाने १९११ मध्ये सुरू झाले. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानचे दिवाण होते. अधिकार हाती आल्यावर आप्तांपैकी कोणीही वशिला मागायचा नाही, अशी अट त्यांनी आधीच घातली होती असे सांगतात. वय झाले तरी पाण्याने त्यांना सोडले नाही. १९३७ च्या सुमारास ओरिसातील पुरांचा प्रश्न त्यांच्यापुढे आला, तेव्हा पंचाहत्तरी उलटलेल्या या माणसाने महानदीच्या खोऱ्यात जलाशय बांधण्याचा विचार मांडला. स्वातंत्र्यानंतर त्याच नदीवर हिराकूड धरण उभे राहिले. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला.

आणि नियतीचा खेळ पाहा! त्यांच्या शंभराव्या वर्षी, १२ जुलै १९६१ रोजी, खडकवासल्याच्या वर असलेले, काम अजून पुरे न झालेले पानशेतचे धरण फुटले. ते सारे पाणी खडकवासल्यावर येऊन आदळले. जुन्या दगडी भिंतीने काही काळ तग धरला, पण अखेर तीही खचली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. पुण्यातली वडीलधारी माणसे त्या दिवसाच्या आठवणी पुढे वर्षानुवर्षे सांगत राहिली. नदीच्या पुराचा हिशेब मांडता येतो, पण वरचे सबंध धरणच रिते झाले तर ते पाणी कोणती दारे आवरणार? पुढच्याच वर्षी, १९६२ च्या एप्रिलमध्ये, विश्वेश्वरय्यांनी बंगलोरला देह ठेवला.

मग त्यांचे काम वाहून गेले असे म्हणायचे का? नाही. खडकवासला पुन्हा बांधले गेले आणि आजही ते पुण्याला पाणी देते. पानशेतने शिकवले तेही शेवटी विश्वेश्वरय्यांचेच गणित होते. नदीवरचे एक धरण एकटे नसते, वरचा बांध आणि खालचे गाव यांचे दैव एकाच दोरीने बांधलेले असते. हैदराबादच्या फुटलेल्या तलावांकडे पाहून त्यांनी हेच ओळखले होते.

तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली जुनी खोड. पूर आला की हळहळायचे, ओसरला की विसरायचे. विश्वेश्वरय्यांनी कोरड्या दिवसांत पुराचा आणि पुराच्या दिवसांत उन्हाळ्याचा विचार केला. आपल्यापैकी फारच थोडे जण धरणे बांधतील. पण यापुढे सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याशी थांबलो, तर कणीस खाताना क्षणभर त्या पाण्याच्या रेषेकडे पाहू या. ती रेषा कुठे असावी, याची चिंता एका माणसाने आपल्यासाठी फार पूर्वी वाहिली होती.