जोडे शिवणारा आजारी म्हातारा, पावणेपाच किलोची होडी आणि ४२८ किलोमीटरचा प्रवास

गोष्ट आहे १८८३ सालची. ठिकाण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग, अ‍ॅडिरॉन्डॅकचं जंगल.

६१ वर्षांचा एक माणूस डोक्यावर होडी घेऊन जंगलातल्या पायवाटेनं चाललाय. उंची जेमतेम सव्वापाच फूट, वजन पन्नासेक किलो आणि फुफ्फुसं क्षयानं पोखरलेली. सोबत ना गाईड, ना हमाल.

या गड्याचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स. पण अमेरिकेतले वाचक त्याला ओळखायचे ते ‘नेसमक’ या नावानं.

त्याचा जन्म १८२१ चा, मॅसॅच्युसेट्समधला. घरात दहा भावंडं आणि हा सगळ्यात थोरला. त्यामुळे लहान वयातच कापडगिरणीत कामाला लागला. त्याच काळात एका मूळनिवासी माणसाशी त्याची दोस्ती झाली. जंगलात कसं राहायचं ते त्यानंच शिकवलं. त्याचं नाव होतं नेसमक, म्हणजे एका जातीचं रानबदक. पुढं लिहायला लागल्यावर सीअर्सनं हेच नाव घेतलं.

तरुणपणी तो व्हेल पकडणाऱ्या जहाजावर गेला, नंतर ब्राझीलमध्ये अ‍ॅमेझॉनपर्यंत जाऊन आला. पण पोट भरायचं साधन एकच, पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो गावात जोडे शिवणं.

त्या काळी अ‍ॅडिरॉन्डॅकला फिरायला जाणं हे पैसेवाल्यांचं काम होतं. तिथं तळी भरपूर, पण दोन तळ्यांच्या मध्ये जमीन. म्हणजे एक तळं संपलं की होडी खांद्यावर घ्यायची आणि चालत पुढचं तळं गाठायचं. होड्या पंचवीस-तीस किलोंच्या. त्या वाहायला, वल्हवायला आणि स्वयंपाकालाही गाईड ठेवायचा. साहेब नुसते बसून राहणार.

सीअर्सकडे गाईडला द्यायला पैसे नव्हते आणि तेवढं वजन उचलायला अंगात ताकदही नव्हती. पण तब्येतीला जंगलातली हवाच मानवेल, असं त्याला वाटायचं. मग करायचं काय?

त्यानं हिशेबच उलटा मांडला. पाण्यावर होडी आपल्याला वाहते, पण जमिनीवर आपल्यालाच होडी वाहावी लागते. मग होडी निवडताना आधी आपला खांदा बघायचा.

कँटन गावातल्या जे. हेन्री रश्टन या कारागिराला त्यानं स्वतःच्या अंगाला बेतलेली कॅनू, म्हणजे दोन्हीकडं निमुळती होत जाणारी होडी, बनवायला सांगितली. सीडरच्या हलक्या, पातळ फळ्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवून रश्टननं ती बनवली. १८८० सालची ही पहिली होडी साधारण आठ किलोंची होती. पुढच्या वर्षीची त्याहून हलकी, सव्वासात किलोंची.

तरी गड्याचं समाधान होईना. मग आली ‘सेरी गँप’. लांबी नऊ फूट, रुंदी २६ इंच आणि वजन साडेदहा पौंड, म्हणजे पावणेपाच किलो. होडी म्हणून कंटाळा आला तर सूप प्यायला वापर, असं रश्टननं त्याला गमतीनं कळवलं होतं. नावही भारी होतं. चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीतली सेरी गँप ही नर्स दारू पिते, पण पाण्याला शिवत नाही. होडीनंही पाणी आत घेऊ नये, म्हणून हे नाव.

हीच होडी घेऊन १८८३ मध्ये तो २६६ मैल, म्हणजे सुमारे ४२८ किलोमीटर फिरला. तळाशी बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं. होडी, पांघरूण, जादा कपडे, छोटी कुऱ्हाड, गळ आणि दोन दिवसांचं खाणं, सगळं धरून वजन २६ पौंडांच्या वर गेलं नाही. म्हणजे १२ किलोंच्या आत अख्खं बिऱ्हाड!

हंगामाच्या सुरुवातीला या जंगलात जायचं तर आणखी एक संकट असतं, ते म्हणजे चावऱ्या काळ्या माश्या. बर्फ वितळून मे-जून आला की यांचे थवे माणसाला फोडून काढतात. त्यावर सीअर्सनं स्वतःचं औषध काढलं होतं. पाइनचं डांबर, एरंडेल आणि पुदिन्यासारख्या एका वनस्पतीचं तेल मंद आचेवर शिजवायचं आणि तोंडाला-हाताला फासायचं. एकदा लेप चढला की धुवायचा नाही. दिसायला भूत, पण माश्या लांब.

हे सगळं तो ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ मासिकात लिहीत गेला. १८८४ मध्ये त्याचं ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आलं, जे आजही छापलं जातं. गाईडशिवाय, कमी पैशात आणि कमी वजनात जंगलात राहता येतं, हे साध्या माणसांना त्यातून कळलं.

१ मे १८९० रोजी वेल्सबरोमध्ये तो गेला. सेरी गँप मात्र आजही शाबूत आहे. स्मिथसोनियन संस्थेच्या मालकीची ही होडी अ‍ॅडिरॉन्डॅकमधल्या ब्लू माउंटन लेकच्या संग्रहालयात ठेवली गेली.

आजही कॅनू घ्यायला गेलेला माणूस आधी लांबी विचारतो, रंग बघतो. सीअर्सचं ऐकायचं, तर दुकानातच ती एकदा डोक्यावर घेऊन चालून बघावी.

कारण होडी पाण्यावर तरंगणारच असते. प्रश्न असतो तो पाणी संपल्यावरचा.