जॉन हॉवर्ड

जॉन हॉवर्ड (२ सप्टेंबर, इ.स. १७२६ – २० जानेवारी, इ.स. १७९०) हे इंग्लंडमधील तुरुंग सुधारक होते. तुरुंगांतील अस्वच्छता आणि तुरुंग कर्मचाऱ्यांची वेतनव्यवस्था हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित आहेत, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहणीतून दाखवून दिले.

सुरुवातीचे जीवन

हॉवर्ड यांचे वडील लंडनमधील सधन व्यापारी होते. वारशाने मिळालेल्या संपत्तीमुळे त्यांना उपजीविकेची चिंता नव्हती. इ.स. १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर ते पोर्तुगालला निघाले असता फ्रेंच खाजगी युद्धनौकेने त्यांचे जहाज पकडले व त्यांना ब्रेस्ट येथे कैदेत राहावे लागले. सुटकेनंतर ते बेडफर्डशायरमधील कार्डिंग्टन येथे स्थायिक झाले.

तुरुंगांची पाहणी

इ.स. १७७३ मध्ये हॉवर्ड बेडफर्डशायरचे शेरीफ झाले. तेथील जेलरला वेतन नव्हते. कैद्यांकडून मिळणाऱ्या शुल्कावर त्याचा निर्वाह चाले. त्यामुळे निर्दोष सुटलेल्यांनाही शुल्क भरेपर्यंत डांबून ठेवले जाई. जेलरला वेतन द्यावे, अशी सूचना हॉवर्ड यांनी केली. परंतु न्यायदंडाधिकाऱ्यांनी पूर्वीचे उदाहरण मागितले. ते शोधण्यासाठी ते शेजारच्या परगण्यांत गेले. सर्वत्र तीच पद्धत आढळली.

या पाहणीत अस्वच्छतेची कारणेही स्पष्ट झाली. जेलर कैद्यांना मद्य विकून मिळकत वाढवीत. खिडकी कर त्यांनाच भरावा लागत असल्याने ते खिडक्या बुजवीत. कोंदट, ओलसर कोठड्यांत उवांमार्फत पसरणारा तुरुंगज्वर (टायफस) बळावे. फाशी दिलेल्यांपेक्षा या ज्वराने मरणारे कैदी अधिक असल्याचे हॉवर्ड यांनी नोंदवले. हा रोग भिंतीबाहेरही जाई. इ.स. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याची लागण होऊन लंडनचे महापौर व न्यायाधीशही दगावले होते. एक्झेटर येथील शल्यवैद्याला तर तुरुंगज्वराच्या रुग्णांसाठी तळघरात जाण्यापासून करारानेच सूट होती. हॉवर्ड यांच्या कपड्यांना तुरुंगांची इतकी दुर्गंधी येई की, ते बंद गाडीऐवजी घोड्यावरून प्रवास करीत.

कायदे व ग्रंथलेखन

इ.स. १७७४ मध्ये हॉवर्ड यांनी हाउस ऑफ कॉमन्ससमोर साक्ष दिली. त्याच वर्षी दोन कायदे संमत झाले. पहिल्याने निर्दोष सुटलेल्यांकडून शुल्क घेणे बंद केले. दुसऱ्याने वर्षातून किमान एकदा भिंतींना चुना लावणे, हवा खेळती ठेवणे, आजाऱ्यांसाठी स्वतंत्र खोल्या, स्नानाची सोय व वेतनधारी वैद्य या गोष्टी बंधनकारक केल्या. हॉवर्ड यांनी हे कायदे स्वखर्चाने छापून जेलरांना पाठवले. तथापि, नंतरच्या दौऱ्यांत त्यांना अनेक ठिकाणी त्यांचे पालन होत नसल्याचे आढळले.

इ.स. १७७७ मध्ये त्यांचा 'द स्टेट ऑफ द प्रिझन्स' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जेलर प्रामाणिक व निर्व्यसनी असावा, त्याला पुरेसे वेतन मिळावे आणि मद्यविक्रीत त्याचा हितसंबंध नसावा, असे त्यांनी त्यात सुचवले.

मृत्यू व वारसा

युरोपातील रुग्णालये व विलगीकरण केंद्रे पाहत असताना खेर्सन (सध्याचे युक्रेन) येथे ज्वराने त्यांचे निधन झाले. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांचा पुतळा आहे. जेलरांचे शुल्क इंग्लंडमध्ये इ.स. १८१५ च्या कायद्याने रद्द झाले. इ.स. १८६६ मध्ये स्थापन झालेली हॉवर्ड असोसिएशन ही संस्था आज 'हॉवर्ड लीग फॉर पीनल रिफॉर्म' या नावाने कार्यरत आहे.