चार पानांचे ऋण

मेलबर्न शहराच्या उत्तरेला बंडूरा नावाचे उपनगर आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा तेथे मनाचे आजार घेऊन परतलेल्या सैनिकांसाठी एक रुग्णालय होते. तिथल्या एका डॉक्टरांच्या घरातल्या फ्रिजमध्ये त्या काळी खाण्याच्या जिनसांबरोबर काही बरण्याही असत. त्या बरण्यांत रुग्णांची लघवी असे. घरच्या बाईंनी हे कसे चालवून घेतले असेल, हा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला पडेल. पण त्या बरण्यांतून सुरू झालेल्या खटाटोपाने पुढे जगभरच्या असंख्य घरांत पुन्हा शांत झोप आणली.

या डॉक्टरांचे नाव जॉन केड. ३ सप्टेंबर १९४९ रोजी ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त त्यांचा एक लेख छापून आला. लेख जेमतेम चार पानांचा. उन्मादाच्या रुग्णांना लिथियमचे क्षार दिले असता काय झाले, एवढेच त्यात सांगितले होते. २००४ साली त्या नियतकालिकाने हिशेब मांडला, तेव्हा त्याच्या आजवरच्या लेखांमध्ये इतर संशोधकांनी सर्वाधिक वेळा संदर्भ दिलेला लेख हाच ठरला. गंमत अशी, की छापून आल्यावर कित्येक वर्षे फारसे कोणी त्याकडे पाहिले नव्हते. आणि लेखकाने स्वतःच तो उपचार वर्षभरात थांबवला होता.

केड यांचा जन्म १८ जानेवारी १९१२ चा, व्हिक्टोरिया राज्यातल्या मुर्तोआ या लहानशा गावातला. वडील डॉक्टर. पहिल्या महायुद्धात ते गॅलिपोलीच्या रणधुमाळीत होते. तिथून परतले ते मनाने खचूनच. गावातला दवाखाना चालवणे त्यांना झेपेना. तो विकून त्यांनी सरकारी मनोरुग्णालयाची नोकरी धरली. त्यामुळे जॉनचे बालपण मनोरुग्णालयांच्या आवारांत गेले. इतर मुले ज्या भिंतींकडे भीतीने पाहत, त्या भिंतींच्या आत हा मुलगा वाढला. रुग्ण हे त्याचे शेजारी होते. वेडा म्हणजे कोणी भयंकर प्राणी नव्हे, तो आजारी माणूस आहे, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९३४ मध्ये केड मेलबर्न विद्यापीठातून डॉक्टर झाले. पुढे त्यांना स्वतःलाच दोन्ही फुप्फुसांचा न्यूमोनिया झाला. पेनिसिलिन अजून बाजारात यायचे होते. अशा दुखण्यातून उठणे म्हणजे पुनर्जन्मच. त्या आजारपणात ज्या परिचारिकेने त्यांची शुश्रूषा केली, तिच्याशीच, जीनशी, १९३७ साली त्यांचा विवाह झाला. फ्रिजमधल्या बरण्या सहन करणाऱ्या त्या याच जीनबाई.

मग युद्ध आले. केड सैन्याच्या वैद्यकीय तुकडीबरोबर सिंगापूरला गेले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि केड जपान्यांचे युद्धकैदी झाले. चांगीच्या छावणीत त्यांनी साडेतीन वर्षे काढली. उपासमार आणि रोगराई यांच्या त्या जगात मानसिक तोल गेलेले सैनिक त्यांच्याकडे येत. त्यांपैकी काही दगावले, तेव्हा मेंदूत किंवा शरीरात प्रत्यक्ष बिघाड आढळला. मनाच्या आजाराचे मूळ शरीराच्या रसायनात असू शकेल, हा विचार तेथे पक्का होत गेला. सुटका झाल्यावर घरी आलेल्या या माणसाच्या अंगावर मांस नव्हते, पण डोक्यात प्रश्न तयार होता.

प्रश्न साधा होता. थायरॉइड ग्रंथीचा स्राव वाढला की माणूस अस्वस्थ होतो, कमी पडला की मंद. मग उन्माद म्हणजे शरीरातल्याच एखाद्या द्रव्याचा अतिरेक आणि विषण्णता म्हणजे त्याचीच उणीव, असे तर नसेल? तसे असेल, तर जादा झालेले द्रव्य उन्मादाच्या रुग्णाच्या लघवीत सापडायला हवे. प्रयोगशाळा नव्हती. रुग्णालयातली स्वयंपाकाची एक रिकामी पडलेली कोठी केड यांनी ताब्यात घेतली, गिनीपिग पाळले आणि रुग्णांची लघवी त्यांना टोचून पाहायला सुरुवात केली.

उन्मादाच्या रुग्णांची लघवी जास्त विषारी निघाली. हे युरिक आम्लामुळे होते का, हे त्यांना तपासायचे होते. पण युरिक आम्ल पाण्यात विरघळत नाही. त्याच्या क्षारांपैकी चटकन विरघळणारा म्हणून त्यांनी लिथियमचा क्षार निवडला. विष वाढण्याऐवजी कमी झाले. मग त्यांनी युरिक आम्ल बाजूला ठेवून नुसते लिथियम कार्बोनेट दिले. एरवी चाहूल लागताच दचकणारे ते प्राणी दोनेक तासांनी सुस्तावले. उताणे ठेवले तरी धडपड न करता शांतपणे बघत पडून राहू लागले. ही शांती म्हणजे बहुधा लिथियमची बाधाच होती, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. म्हणजे तर्क चुकीचा, प्रयोग कच्चा. तरी हाती लागले ते खरे निघाले.

माणसाला देण्याआधी केड यांनी ते औषध स्वतः घेऊन पाहिले. मग २९ मार्च १९४८ रोजी पहिल्या रुग्णाला दिले. हा ५१ वर्षांचा माणूस पाच वर्षे सतत उन्मादात होता. वॉर्डातला सर्वांत त्रासदायक रुग्ण. काही दिवसांतच तो निवळू लागला. जुलैमध्ये तो घरी गेला आणि आपल्या जुन्या कामावर रुजूही झाला. बरे वाटते म्हणून त्याने औषध सोडले आणि सहा महिन्यांनी पूर्वीसारखाच होऊन परत आला. औषध सुरू होताच पुन्हा सुधारला. बरे वाटले की गोळ्या बंद करण्याची ही चूक आपल्या ओळखीची आहे.

केड यांच्या लेखात उन्मादाचे १० रुग्ण होते. सगळ्यांना गुण आला होता. छिन्नमनस्कतेच्या ६ रुग्णांपैकी काहींची अस्वस्थता कमी झाली, मूळ आजार तसाच राहिला. विषण्णतेच्या ३ रुग्णांत फरक पडला नाही. हे सारे त्यांनी सरळ लिहून टाकले. त्याच १९४९ साली मेंदूचे धागे कापण्याच्या शस्त्रक्रियेला नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे लक्षात घेतले म्हणजे एका साध्या क्षाराने उन्माद उतरणे ही केवढी गोष्ट होती हे कळेल.

पण लेखाची वेळ वाईट होती. अमेरिकेत हृदयाच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड खायला दिले गेले होते. १९४९ च्या सुरुवातीलाच त्यातून मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या आणि ते बाजारातून काढले गेले. लिथियम म्हणजे विष, हा समज पसरला. शिवाय लेखक कोणी नामांकित प्राध्यापक नव्हते, आणि निसर्गात सहज मिळणाऱ्या क्षाराचे पेटंट घेता येत नसल्याने औषध कंपन्यांनाही त्यात रस नव्हता. त्यातच १९५० मध्ये केड यांचा तो पहिला रुग्ण लिथियमच्या विषबाधेने दगावला. ज्याच्या बरे होण्याने सगळे सुरू झाले, तोच गेला. केड यांनी आपल्या रुग्णालयात लिथियम बंद केले. त्यांच्या मनावर झालेला आघात समजण्यासारखा आहे.

कथा येथेच संपायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये लांगे नावाच्या दोघा बंधूंनी विषण्णतेवर लिथियम वापरले होते. ते काम पुढे कोणी नेले नाही आणि विस्मरणात गेले. केड यांचे तसे झाले नाही, कारण त्यांची चार पाने इतरांनी वाचली होती.

मेलबर्न विद्यापीठातल्या एडवर्ड ट्राउटनर यांनी नेमकी उणीव हेरली. औषध आणि विष यांच्यातली रेषा फार बारीक. मग रक्तातले लिथियम मोजत राहायचे. १९५१ मध्ये त्यांनी आणि चार्ल्स नोआक यांनी शंभरावर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काउ या तरुण डॉक्टरांचे लक्ष त्यांच्या वरिष्ठांनी या ऑस्ट्रेलियन लेखांकडे वेधले. स्काउ यांच्या सख्ख्या भावाला विषण्णतेचे झटके येत. त्यांच्यासाठी हा विषय घरचा होता. १९५४ मध्ये त्यांनी कोणाला औषध आणि कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी द्यायची, हे नाणे उडवून ठरवले आणि लिथियमचा गुण पडताळून दाखवला. पुढे पोल बास्ट्रुप यांच्याबरोबर त्यांनी झटका येऊच नये म्हणून लिथियम द्यायला सुरुवात केली. १९६८ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये या दाव्यावर कडक टीका झाली. दोघांनी १९७० मध्ये त्याच नियतकालिकात नव्या चाचणीने उत्तर दिले: लिथियम चालू राहिलेल्या एकाही रुग्णाचा आजार उलटला नाही, नकळत साधी गोळी सुरू झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा उलटला. त्याच वर्षी अमेरिकेनेही उन्मादासाठी लिथियमला मान्यता दिली. स्काउ यांचा भाऊही लिथियमनेच सावरला.

१९६४ पासून अमेरिकेत कोणाच्या लेखाचा संदर्भ कोणी कितीदा दिला, याची पद्धतशीर सूची निघू लागली. विद्यापीठांत आज त्यावरून माणसांची किंमत ठरते, बढत्या मिळतात. पण लेखाच्या शेवटी दिलेला संदर्भ ही मुळात ऋणाची नोंद आहे. केड यांच्या नावापुढची प्रत्येक नोंद म्हणजे कोणीतरी त्यांचा धागा उचलला, तपासला, दुरुस्त केला. पुढेही केड यांनी इतर मूलद्रव्यांच्या क्षारांवर प्रयोग केले. त्यांतून दुसरे लिथियम निघाले नाही. एका माणसाच्या पदरात असे दान एकदाच पडते.

१९५२ पासून १९७७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते मेलबर्नच्या रॉयल पार्क मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. १९७४ मध्ये त्यांना आणि स्काउ यांना किटे पारितोषिक विभागून मिळाले, तेव्हा ते साठीच्या पुढे होते. १६ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

लिथियम आज आपल्याकडेही अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते स्वस्त आहे, आत्महत्येचा धोका कमी करते. पण रक्ताच्या, मूत्रपिंडाच्या आणि थायरॉइडच्या नियमित तपासण्या मागते आणि डॉक्टरांना न विचारता सुरू किंवा बंद करता येत नाही. ज्या घरात अशी गोळी रोज घेतली जाते, तिथे जॉन केड हे नाव बहुधा कोणाला ठाऊक नसते. पण तिथल्या डॉक्टरांनी रक्ततपासणीची चिठ्ठी लिहून दिली, की त्या चिठ्ठीमागे १९५० मध्ये दगावलेला तो पहिला रुग्ण उभा असतो. त्याच्या जाण्यातून धडा घेणारी माणसे निघाली, म्हणून पुढचे वाचले.