पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृतच्या विदुषी, समाजसुधारक आणि बायबलच्या मराठी भाषांतरकार होत्या. मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन आणि केडगाव येथील मुक्ती सदन या संस्थांमुळे त्या प्रामुख्याने ओळखल्या जातात. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. बाप्तिस्मा घेतल्यानंतरही आठ वर्षे त्यांचा आंतरिक शोध संपला नव्हता, ही गोष्ट मात्र त्या वादात बरीचशी दुर्लक्षित राहिली.

पूर्वायुष्य

रमाबाईंचा जन्म कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीविरुद्ध जाऊन पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते; रमाबाईंचे शिक्षण आईकडेच झाले. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव फिरे. व्रते, उपवास व दानधर्म यांत जवळचे सर्व द्रव्य संपले आणि १८७४ च्या सुमारास उपासमारीत आईवडील व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. उरलेल्या रमाबाई आणि बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. ख्रिस्ती उपासना त्यांनी प्रथम याच शहरात पाहिली. खुर्च्यांसमोर गुडघे टेकलेले लोक पाहून हे खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असे त्यांना वाटले.

श्रीनिवास यांच्या निधनानंतर १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. घरातील ग्रंथसंग्रहात सापडलेले लूकचे बंगाली शुभवर्तमान त्यांनी तेव्हा वाचले. १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली.

इंग्लंड आणि बाप्तिस्मा

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. वैद्यकीय शिक्षणाचा बेत कमी ऐकू येत असल्याने सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच करुण अंत झाला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची मठातील भगिनी करीत असलेली सेवा पाहणे आणि येशू व शोमरोनी स्त्री यांची कथा वाचणे, या दोन गोष्टींचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या गुरुभगिनी जेराल्डीन यांची अपेक्षा अशी, की नव्या ख्रिस्ती व्यक्तीने चर्चचा अधिकार व सिद्धान्त मुकाट्याने मान्य करावेत. रमाबाईंना ते पटले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीच्या शंका त्यांनी पत्रांतून स्पष्टपणे मांडल्या. शाकाहार सोडण्यास त्यांनी नकार दिला. क्रुसावरील लॅटिन अक्षरांनाही त्यांचा आक्षेप होता. भारतीय स्त्रीला न समजणाऱ्या भाषेपेक्षा तेथे संस्कृत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. हा पत्रव्यवहार हट्टी शिष्येचा म्हणून वाचला गेला आहे, परंतु त्यात दिसते ती सदसद्विवेकबुद्धी कोणाच्याही हाती न देण्याची दक्षता. ब्राह्मणी कर्मकांडाचा अधिकार नाकारून आलेल्या स्त्रीने दुसरा तसाच अधिकार सहज स्वीकारला नाही, यात आश्चर्य नाही.

शारदा सदन आणि १८९१

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस गेल्या. तेथे मिळालेल्या मदतीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. संस्थेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, अशी अट होती.

इंग्रज धर्मोपदेशक विल्यम हॅसलम यांचे आत्मवृत्त १८९१ च्या सुमारास त्यांच्या वाचनात आले. अनेक वर्षे प्रवचने देऊनही आपणास खरा विश्वास लाभला नव्हता, अशी हॅसलम यांची कबुली होती. रमाबाईंना त्यात आपलीच स्थिती दिसली. धर्म आपण बुद्धीने पत्करला, ख्रिस्त मात्र भेटला नाही, अशी त्यांची खात्री झाली. पुढे स्वतःच्या आध्यात्मिक वाटचालीविषयी लिहिताना त्यांनी बाप्तिस्म्यापेक्षा या अनुभवाला अधिक महत्त्व दिले.

याची किंमतही मोजावी लागली. त्या आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून तेथे येऊन बसत. दार लावून घेण्यास रमाबाई तयार नव्हत्या. 'केसरी'ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाजूला झाले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

मुक्ती सदन आणि बायबल

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व स्त्रिया केडगाव येथे आणल्या. स्वतःच्या बालपणीची उपासमार त्या विसरल्या नव्हत्या. मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई असे उद्योग सुरू झाले. १९०५ मध्ये तेथे झालेल्या धार्मिक जागृतीच्या वेळी शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत. शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या काही मिशनऱ्यांना हे रुचले नाही; रमाबाईंनी मात्र ते थांबवले नाही.

आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी बायबलच्या भाषांतरास दिली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर असल्याने अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, असे त्यांचे मत होते. आयुष्यभर संस्कृतावर जगलेल्या पंडितेने येथे जाणूनबुजून साधी बोली निवडली. खिळे जुळवण्यापासूनचे छपाईचे काम सदनातील स्त्रियांनीच केले. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई केडगाव येथे निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.