ताराबाई मोडक : साधन मुलाच्या हाती

आपल्या शाळेच्या पहिली ते चौथीच्या वर्गांत स्मार्ट बोर्ड बसवावेत, असा विचार माजी विद्यार्थ्यांनी मांडला आहे आणि त्यासाठी निधीही जमू लागला आहे. जालना औद्योगिक वसाहतीतील सळईच्या कारखान्यांत पाळीने राबणाऱ्या आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांची मुले येथे शिकतात. त्यांच्या वर्गात नवे साधन यावे ही इच्छा स्वागतार्हच आहे. मात्र साधन आणण्यापूर्वी, याच प्रश्नावर आयुष्य वेचलेल्या एका स्त्रीचे चरित्र समजून घेणे उचित ठरेल. महागडे शैक्षणिक साधन गरीब मुलाच्या हातात कसे पोहोचवावे, हा तो प्रश्न. आणि ती स्त्री म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाचे अनुयायी. मुलींना शिकवावे की नाही हा वाद बाहेर चालू असताना या घरात तो संपलेला होता. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. तो टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. त्या काळी एका उच्चवर्णीय, सुशिक्षित स्त्रीनेही असे पाऊल उचलणे म्हणजे समाजातील आपले स्थान पणाला लावणे होते. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे, वेतन निश्चित. अशी नोकरी सोडून त्या १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. मला हा त्यांच्या चरित्रातील खरा वळणबिंदू वाटतो, कारण मोठ्यांच्या शिक्षणाकडून अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाकडे जाणे म्हणजे लोकांच्या दृष्टीने खाली उतरणेच होते. आजही चौथीच्या गुरुजींपेक्षा महाविद्यालयातील प्राध्यापकाला अधिक मान मिळतो. त्या वेळी तर बालशिक्षण हे काम आहे, हेच कोणाला मान्य नव्हते.

गिजुभाई मूळचे वकील. त्यांनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते आणि तेथे मारिया मॉन्टेसरी यांची पद्धती भारतीय मुलांसाठी वापरून पाहणे चालले होते. ती पद्धती नेमकी काय होती, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण वर्गातील साधनांविषयीचा आपला सारा विचार तेथूनच सुरू होतो.

मॉन्टेसरीबाई पेशाने डॉक्टर. त्यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या वस्तीत उघडले. ही कामगारांची वस्ती होती. आई-वडील दिवसभर कामावर आणि मुले जिन्यांवर, रस्त्यावर, अशी तेथील स्थिती. त्या मुलांसाठी त्यांनी जी साधने रचली, त्यांत एक लाकडी ठोकळा होता. त्यात दहा खळगे आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. प्रत्येक दट्टा जाडीने किंवा उंचीने वेगळा. मुलाने सर्व दट्टे बाहेर काढायचे आणि पुन्हा आपापल्या जागी बसवायचे. एखादा दट्टा मोठ्या खळग्यात गेला, तर शेवटी एक दट्टा उरतो आणि तो कोठेच बसत नाही. चूक झाली हे शिक्षकाने सांगावे लागत नाही, ते साधनच सांगते. मूल रडत नाही, लाजत नाही. पुन्हा काढते, पुन्हा बसवते. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा मनोरा, काचकागदाची खरखरीत अक्षरे ज्यांवरून बोट फिरवून मूल लिहिण्याआधीच अक्षराचे वळण आत्मसात करते, मण्यांच्या माळांतून उमगणारे एकक-दशक; या सर्वांमागे एकच तत्त्व होते. ज्ञान हाताच्या वाटेने डोक्यात जाते. मुलाला मारून किंवा ओरडून बसवावे लागत नाही, कारण त्याचे लक्ष त्याच्या स्वतःच्या कामात गुंतलेले असते.

इतिहासाचा उपरोध असा, की कामगारांच्या मुलांसाठी जन्मलेली ही पद्धती भारतात आली ती प्रामुख्याने सुस्थित घरांच्या दारी. साधनांचा संच मोजमापाने अचूक, उत्तम लाकडाचा, म्हणून महाग. ज्याला तो परवडेल त्याचेच मूल त्या शाळेत जाणार, हे ओघाने आलेच. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर साक्ष देताना महात्मा फुले यांनी नेमके हेच दुखणे दाखवून दिले होते. सरकारी तिजोरीत शेतकऱ्यांच्या कष्टाचा पैसा येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा त्यांचा आक्षेप होता. प्राथमिक शाळांचे शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, अशीही सूचना त्यांनी केली होती. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात जे आरंभले, त्या दृष्टीने पाहिले तर बालशिक्षणाची नवी चळवळ बराच काळ चुकीच्या दारात उभी होती, असे म्हणावे लागते.

ताराबाईही प्रथम त्याच दारात होत्या. गिजुभाईंसमवेत त्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, शिक्षणपत्रिका गुजरातीत आणि पुढे मराठीत, हिंदीत चालवली, बालवाङ्मय लिहिले, शिक्षिका घडवल्या. १९३६ मध्ये त्या मुंबईत परतल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. याच १९३६ सालात बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपला निबंध प्रसिद्ध केला आणि स्वतंत्र मजूर पक्ष उभारला. त्यांचे राजगृहही त्याच दादरमध्ये. शिशुविहारात मध्यमवर्गीय मुले फुलत होती. काम नावाजले जात होते. येथेच थांबल्या असत्या, तरी शिक्षणाच्या इतिहासात त्यांना एक परिच्छेद मिळाला असता.

त्या थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी त्याच परिसरात वारली आदिवासी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठले होते. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात तलवाडा येथे ऑक्टोबर १९४५ मध्ये गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह काहींचे प्राण गेले. ज्या समाजाच्या पोटात अन्न नाही आणि ज्याचे श्रमही त्याच्या मालकीचे नाहीत, अशा समाजाच्या शेजारी ताराबाई बालवाडी उघडत होत्या. ताराबाईंचा मार्ग लढ्याचा नव्हता. परंतु त्यांच्या प्रयोगाचे मोल या पार्श्वभूमीवरच कळते.

येथे त्यांना अनुताई वाघ ही सहकारी लाभली. बालविधवा असलेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या अनुताई पुढे या कामाचा कणा झाल्या. बोर्डीत केंद्र उघडले, साधने मांडली; पण ज्यांच्यासाठी ते उघडले ती वस्तीवरची मुले मात्र येईनात. काहींना धाकटे भावंड सांभाळायचे होते, काहींना गुरांमागे जायचे होते आणि गावातील वाड्यांतून चालत त्या इमारतीपर्यंत येण्याचे धैर्य तर बहुतेकांना नव्हते. अस्पृश्य आणि आदिवासी मुलाला शाळेच्या उंबरठ्याचे भय का वाटते, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा ताराबाईंनी विचार उलटा केला. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, झोपडीपुढच्या अंगणात बसू लागल्या. आधी आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. जेथे अंगण हाच वर्ग झाला, त्या शाळेला नाव पडले अंगणवाडी.

आणि आता साधनांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. दादरचा लाकडी संच अंगणात न्यायचा कसा, आणि नेला तरी तो किती वस्त्यांना पुरणार? उत्तर पायाखालीच होते. समुद्रकाठचे शिंपले, ओढ्यातील खडे, झाडांच्या बिया, पाने, फुले, माती, बांबू. लहान-मोठे कळण्यासाठी गुलाबी रंगाचा मनोराच लागतो असे नाही. आकाराप्रमाणे मांडलेले शिंपलेही ते काम करतात. मोजणी बियांनी होते, खरखरीत आणि गुळगुळीत यांतला भेद पानांवरून बोट फिरवून कळतो, अक्षर मातीत गिरवता येते. त्यांनी मॉन्टेसरींचे तत्त्व टाकले नाही, फक्त त्याचे लाकूड बदलले. शिवाय या साधनाला एक गुण होता जो विकतच्या साधनाला नव्हता. हरवले तर रागावणारे कोणी नव्हते. गरीब मूल महाग वस्तूला हात लावायला भिते आणि शिक्षक ती कपाटात कुलपाखाली ठेवतो, हे कोणत्याही शाळेत पाहायला मिळते.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीच्या मध्यभागी हलवण्यात आले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली, म्हणजे धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू शके. तिला ताराबाईंनी विकासवाडी म्हटले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली; गुरे चरतात तेथेच शिक्षक जाई. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला गेला, की मूल या क्षणी कोठे आहे आणि त्याचे हात कशात गुंतले आहेत. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

या चरित्राकडे आपल्या प्रयोजनाने पाहताना एक अंतर नोंदवले पाहिजे. ताराबाईंनी शाळा अंगणात नेली. आपली निवासी शाळा मुलाला अंगणातून उचलून येथे आणते. ऊसतोडीच्या फडावर सहा महिने भटकणाऱ्या मुलासाठी याहून वेगळा उपाय आजही दिसत नाही, आणि या वसतिगृहातून शिकून गेलेल्या कित्येकांना त्याची किंमत ठाऊक आहे. तरीही सहा वर्षांचे मूल येथे येते तेव्हा त्याचे खडे, बिया, शेळ्या, पाचटाची खोप आणि घरची बोली हे सारे फाटकाबाहेर राहते. वर्गात ते परत आणता आले पाहिजे. याच कामी आधुनिक साधन उपयोगी पडू शकते, अन्यथा ते केवळ चकाकते.

स्मार्ट बोर्डवरील खेळात चुकीच्या उत्तरावर लाल खूण उमटते आणि मूल पुन्हा प्रयत्न करते. दट्ट्यांच्या ठोकळ्याचे तत्त्व तेथे आहेच. फरक हा, की चाळीस मुलांच्या वर्गात एका वेळी एकाचाच हात बोर्डला लागतो, उरलेली एकोणचाळीस पाहत बसतात. पाहणे म्हणजे गुंतणे नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो भिंतीवरच्या पडद्यासाठी नव्हे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या क्यूआर कोडमुळे कविता, धडा, स्वाध्याय घरातल्या साध्या मोबाइलवर उघडू लागले, म्हणजे साधन पुन्हा मुलाच्या हातात आणि त्याच्या घरात गेले, हे त्या कामाचे वैशिष्ट्य. पाच मुलांत एक जुना टॅब, फडावर असलेल्या आईचा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मागवलेला आवाज आणि त्यातील शब्दांवरून वाचन, वसाहतीतील भट्टीचे, सळईचे, मोसंबीच्या बागेचे मुलांनीच काढलेले फोटो आणि त्यांवर मुलांनीच रचलेली वाक्ये. एवढ्यास फार पैसा लागत नाही. जमलेल्या निधीतून बोर्ड जरूर घ्यावा, पण आधी एकाच वर्गासाठी, आणि त्याच रकमेतील वाटा काढून प्रत्येक वर्गात खडे, बिया, काड्या, मणी, अक्षरपत्ते यांच्या पेट्या ठेवाव्यात. कुलूप न लावता. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीही काही रक्कम राखावी. ताराबाईंनी दादरला आणि पुढे बोर्डी-कोसबाडला साधनांइतकाच भर शिक्षिका घडवण्यावर दिला होता, हे देणगीदारांनी ध्यानात घ्यावे. वस्तूवर नाव कोरता येते, प्रशिक्षणावर कोरता येत नाही, म्हणून त्यासाठी कोणी पैसे देत नाही, ही आपली जुनी सवय आहे.

ताराबाईंचे निधन ३१ ऑगस्ट १९७३ रोजी झाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत चालवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपल्या शाळेत पहिलीत दाखल होणारी बरीचशी मुले आधी वस्तीवरच्या अशाच एखाद्या अंगणवाडीत दोन-तीन वर्षे बसून आलेली असतात.