द्युब्वांनी लपवलेली हाडे

माणसाच्या उत्पत्तीचे खरे पुरावे शास्त्रज्ञांनी दडवून ठेवले आहेत, अशा अर्थाचा फॉरवर्ड तुमच्याही इनबॉक्समध्ये कधीतरी येऊन गेला असेल. त्यात एक नाव हमखास असते, डॉ. युजेन द्युब्वा. गंमत म्हणजे या माणसाने खरोखरच हाडे कुलपात ठेवली होती. पण का, ते फॉरवर्डमध्ये नसते.

द्युब्वांचा जन्म १८५८ चा, नेदरलँड्समधला. अ‍ॅमस्टरडॅमला शरीररचनाशास्त्र शिकवण्याची चांगली नोकरी होती. माकड आणि माणूस यांच्यामधला दुवा उष्ण प्रदेशातच सापडेल असे त्यांच्या मनाने घेतले आणि १८८७ मध्ये लष्करी डॉक्टरची नोकरी पत्करून, पत्नी आणि तान्ह्या मुलीसह त्यांनी सुमात्रा गाठले. (आपण निघालो तेव्हा आपल्याला निदान काय शोधायला चाललोय ते माहीत होते!) पुढे सरकारने त्यांना खोदकामासाठी ५० कैदी दिले.

जावातल्या सोलो नदीकाठी, त्रिनिल येथे १८९१ मध्ये कवटीचा वरचा भाग मिळाला. पुढच्या वर्षी साधारण १५ मीटरवर मांडीचे हाड. दोन्ही एकाचीच, आणि तो ताठ चालत होता, असे त्यांनी १८९४ मध्ये जाहीर केले. नाव दिले पिथेकॅन्थ्रोपस इरेक्टस.

१८९५ मध्ये ते युरोपात परतले आणि वादाला तोंड फुटले. कोणी म्हणे माकड, कोणी म्हणे माणूस, कोणी म्हणे हाडे दोघांची. (हा तिसरा आक्षेप चुकीचा नव्हता. ते मांडीचे हाड बरेच नंतरचे असावे असे आज अनेकांना वाटते.) सुरुवातीला द्युब्वा हाडे घेऊन परिषदांना जात, ज्याला हवे त्याला दाखवत. पण १८९९ मध्ये श्वाल्बे या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच कवटीवर भलामोठा अभ्यास छापला. त्यानंतर द्युब्वांनी हाडे आत ठेवली, ती थेट १९२३ पर्यंत. अमेरिकेतून तक्रारी गेल्या तेव्हा कुठे कुलूप उघडले. सोर्स कोड कोणालाच न दाखवणारा एखादा प्रोग्रॅमर आपण सगळ्यांनीच पाहिलाय. मला तरी हा त्यातलाच प्रकार वाटतो.

फॉरवर्डमधला मुख्य आरोप मात्र वेगळा आहे. जावातच वाजाक येथे मिळालेल्या दोन मानवी कवट्या त्यांनी ३० वर्षे लपवल्या, कारण त्यांनी पिथेकॅन्थ्रोपस खोटा ठरला असता, असा. सविस्तर वर्णन १९२० मध्ये आले हे खरे. पण त्यांची छोटी टिपणे १८९० च्या सुमारासच छापून आली होती. शिवाय त्या कवट्या त्रिनिलपेक्षा लाखो वर्षांनी अलीकडच्या. त्यांनी कोण खोटे ठरणार?

द्युब्वा १९४० मध्ये गेले. त्यांच्या पिथेकॅन्थ्रोपसला आज होमो इरेक्टस म्हणतात.

त्रिनिलहून आणलेल्या खोक्यांत शिंपलेही होते. शंभरहून जास्त वर्षे ते लायडनच्या संग्रहात पडून होते, कुलूप नसताना. २००७ मध्ये एका संशोधकाने त्यांचे फोटो काढले, तर एकावर नागमोडी कोरलेल्या रेघा! किमान ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि २०२५ मध्ये डच सरकारने हा सगळा संग्रह इंडोनेशियाला परत द्यायचे ठरवले.