दरबारी रंगभूमीवर बंडाचे सूर

कलावंताला पोसणारा हातच त्याच्या कलेची दिशा ठरवतो, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. असे मानणाऱ्यांनी बीथोव्हनच्या ‘एग्मॉन्ट’ ओव्हर्चरची हकीकत एकदा अवश्य पाहावी. ओव्हर्चर म्हणजे नाटकाच्या आरंभीचे वाद्यवृंदसंगीत. आपल्या नांदीच्या जागी येणारे, पण शब्दांवाचून.

१८०९ च्या मार्चमध्ये तीन उमरावांनी बीथोव्हनला ४,००० फ्लोरिनचे वर्षासन बांधून दिले. त्यांपैकी आर्चड्यूक रुडॉल्फ हा तर ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा सख्खा भाऊ. त्या कराराची शाई वाळते न वाळते तोच, मे महिन्यात, नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर धडाडू लागल्या. आधीच बधिर होत चाललेले कान उशांनी झाकून बीथोव्हन भावाच्या तळघरात बसून राहिला, अशी आठवण त्याच्या शिष्याने नमूद केली आहे. याच नेपोलियनचे नाव त्याने पूर्वी आपल्या तिसऱ्या सिंफनीवर घातले होते आणि तो सम्राट होताच खोडून टाकले होते.

फ्रेंच फौजा परतल्यावर दरबारी नाट्यगृहाने महाकवी गटेचे ‘एग्मॉन्ट’ रंगभूमीवर आणण्याचे ठरविले आणि संगीताचे काम बीथोव्हनकडे आले. परकी जुलुमाविरुद्धचे नाटक म्हणून त्या घटकेला ते सोयीचे होते खरे. परंतु नाटकातला जुलमी राजा कोण? स्पेनचा दुसरा फिलिप, म्हणजे हॅब्सबुर्गच! त्याच्या सेनापतीने नेदरलँड्सचा सरदार एग्मॉन्ट याचा ५ जून १५६८ रोजी ब्रुसेल्सच्या चौकात शिरच्छेद करविला. हॅब्सबुर्गांनी मारलेल्या माणसाचा गौरव हॅब्सबुर्गांच्याच नाट्यगृहात व्हायचा होता. बीथोव्हनचे आजोबा ब्रुसेल्सजवळच्या मेखेलेनचे. तेव्हा हा विषय त्याच्या रक्तातलाच, असे म्हणण्याचा मोह होतो. पण गटेवरची त्याची भक्ती एवढे कारण पुरेसे आहे.

आरंभीचे एफ मायनरमधील जड स्वर साराबांद या स्पॅनिश नृत्याच्या लयीत पडतात. जणू सत्तेची पावले. पुढे लय द्रुत होते, झगडा पेटतो, आणि एकाएकी व्हायोलिनचे दोन स्वर तलवारीच्या घावासारखे कोसळतात. क्षणभर निःशब्दता. मग एफ मेजरमधला विजयघोष उसळतो. नाटकाच्या अखेरीस असे विजयसंगीत असावे, ही सूचना गटेचीच. नायक रंगमंचावर येण्यापूर्वीच त्याचा मृत्यू आणि त्यापलीकडचा जय ऐकवून टाकण्याचे धाडस मात्र बीथोव्हनचे. ओव्हर्चर प्रथम वाजले १५ जून १८१० रोजी. १९५६ च्या उठावात हंगेरीच्या रेडिओवरून ते पुनःपुन्हा वाजविले गेले, तेव्हा त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

आणि त्या वर्षासनाचे काय झाले? १८११ मध्ये ऑस्ट्रियाच्या चलनाचे अवमूल्यन झाले, १८१२ मध्ये आश्रयदाता किन्स्की घोड्यावरून पडून मेला, लोबकोविट्झ कर्जात बुडाला. थकबाकीसाठी बीथोव्हनला किन्स्कीच्या वारसांशी १८१५ पर्यंत झगडावे लागले. व्हिएन्ना न सोडण्याची करारातील अट मात्र त्याने पाळली. २६ मार्च १८२७ रोजी त्याचा अंत तेथेच झाला.